आपल्या वाट्याची चूक

विलास गेल्याची बातमी मला कोर्टात कळली, आणि तीही विरुद्ध पक्षाच्या वकिलाकडून. कऱ्हाडच्या दिवाणी कोर्टात एका बांधाच्या दाव्यात मी साक्षीदाराला घोळात घेत होतो. फोन अर्थातच बंद. न्यायाधीश जरा आत गेल्या, तेव्हा समोरचे वकील माझ्या टेबलापाशी आले आणि मऊ आवाजात म्हणाले, "आज तारीख मागून घ्या. मी हरकत घेत नाही." मी चमकलोच. हा गृहस्थ सख्ख्या बापाच्या दुखण्यालासुद्धा तारीख देणाऱ्यातला नव्हे. "का हो?" म्हटलं. तर म्हणाले, "तुमचे कॅप्टन... कडेगावचे... सकाळी गेले म्हणे. आमच्या मेव्हण्यानं ग्रुपवर टाकलंय." मला आधी रागच आला. त्या मेव्हण्याचा, त्या वकिलाचा आणि सगळ्यात जास्त विलासचा. आदल्या रविवारी याच माणसानं माझ्याशी दोडक्याच्या वेलावरून भांडण काढलं होतं आणि ते अजून मिटायचं होतं.

सुर्लीचा घाट चढून कडेगाव गाठलं, तिथून मळ्यात. शैलावहिनी व्हरांड्यात बसल्या होत्या, भोवती भावकीतल्या बायका. मला बघून म्हणाल्या, "भाऊजी, उसाला फेरी मारून आले, चहा प्याले, 'जरा पाठ टेकतो' म्हणाले आणि टेकलीच. कप बघा, बशीत नीट ठेवलाय." आणि मग त्यांचा बांध फुटला. मीही रडलो. वकील माणूस चारचौघांत रडला की लोकांना वाटतं काहीतरी डाव असेल. त्या दिवशी तसं कुणाला वाटलं नसावं.

आता काही आठवडे झालेत. या भागातल्या पुष्कळ लोकांना विलास 'चिखलातल्या विमानाचा कॅप्टन' म्हणून माहीत आहे. काहींच्या मते त्यानं विमान वाचवलं, काहींच्या मते त्यानं घालवलं, आणि दोन्ही बाजूंचे लोक दहाव्याला एकाच सतरंजीवर बसून आपलंच खरं म्हणून हुज्जत घालत होते. विलास असता तर त्यांच्यात जाऊन बसला असता. तो नाही, म्हणून हे मला लिहावं लागतंय. खरं काय झालं ते त्याच्या घरच्यांखेरीज मलाच जास्त ठाऊक आहे, कारण त्या प्रकरणात मी त्याचा वकील होतो. म्हणजे, होणार होतो. त्यानं मला नीट होऊ दिलं नाही.

त्याची आणि माझी शेतं शेजारी शेजारी. मध्ये एकच बांध. त्या बांधावरून आमच्या दोन घरांत कधी शब्द झाला नाही, ही गोष्ट माझ्या धंद्यामुळे मला चमत्कारासारखी वाटते. त्याचे वडील फौजेत हवालदार. त्यांनी पोराला साताऱ्याला सैनिकी शाळेत घातलं, आणि पहिल्या सुट्टीत विलास घरी आला तो वाकळेची चौकोनी घडी घालायला शिकून. त्याची आई कौतुकानं सगळ्या गल्लीला बोलावून ती घडी दाखवायची. पुढं हवाई दलात त्यानं मालवाहू विमानं चालवली, निवृत्तीनंतर एका खासगी कंपनीत प्रवासी विमानं. पण गावात आला की विजार गुडघ्यापर्यंत दुमडून पाणी पाजायला उभा. त्याला इथली माणसं 'इलास' म्हणत आणि तोही इथं आला की पहिल्या तासात 'हाय-न्हाई'वर यायचा. मी मात्र कऱ्हाडला राहून शुद्ध बोलायला लागलो होतो, त्यावरून तो माझी यथेच्छ टिंगल करायचा.

त्याची एक खोड होती. कुठलंही यंत्र घरात आलं की त्याबरोबर आलेलं पुस्तक तो पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचायचा. मी पहिली स्कूटर घेतली, ती दाखवायला त्याच्याकडं नेली. वाटलं, दोघं मिळून सागरेश्वरापर्यंत चक्कर मारू. हा पठ्ठ्या आंब्याखाली बसून दुपारभर स्कूटरचं पुस्तक वाचत बसला. मी ताटकळत उभा. शेवटी पुस्तक मिटून म्हणाला, "गड्या, दुकानदार काय सांगतो, मेकॅनिक काय सांगतो, सगळं ऐक. पण ज्यानं बनवलीय त्यानं काय लिहिलंय ते आधी बघ. त्याला तिची नस ठाऊक आसती." त्याच्या चुलत्यानं नवा पंप आणला तेव्हा तर उसाला पाणी तुंबवून ठेवून ह्यानं चुलत्याला अख्खं पुस्तक मराठीत करून ऐकवलं होतं. चुलते म्हणाले, "झालं का पारायण? आता बटन दाबू का?"

असा माणूस जेव्हा बनवणाऱ्याचं पुस्तक बाजूला ठेवून कंपनीचं ऐकतो, तेव्हा काय होतं, त्याची ही गोष्ट. मला त्यानं ती जेवताना दोन ताटल्या हातात धरून समजावली होती, तशीच सांगतो. विमानाच्या पंखाला मागच्या बाजूनं झडपा असतात. उतरताना त्या खाली सोडायच्या. पूर्ण सोडल्या की विमान सावकाश येतं, थांबायला जागा कमी लागते, पण हवेचा विरोध वाढतो म्हणून इंधन जास्त जळतं. एक टप्पा कमी सोडल्या तर इंधन वाचतं, पण वेग जास्त राहतो आणि धावपट्टी जास्त लागते. शिवाय चाकं टेकल्यावर इंजिनाचा उलटा जोर लावून विमान आवरता येतं, त्यालाही इंधन जातं. आता विमान ज्या कारखान्यानं बनवलं, त्याच्या पुस्तकात होतं की पट्टी ओली असेल तर झडपा पूर्ण सोडाव्यात आणि उलटा जोर भरपूर लावावा. विमान ज्या कंपनीनं घेतलं, तिच्या परिपत्रकात होतं की झडपा एक टप्पा कमी, उलटा जोर नावापुरता. तसं ठरवायला कंपनीला कायद्याची आडकाठी नव्हती. आणि परिपत्रकाच्या तळाला एक ओळ होती, की परिस्थिती पाहून अंतिम निर्णय कॅप्टनचा.

ती ओळ वाचून मी पोट धरून हसलो होतो. अशा ओळी मी स्वतः कितीतरी करारांत घातल्या आहेत. काही घडेपर्यंत ती ओळ झोपलेली असते. घडलं की उठून बसते आणि बोट दाखवते. विलास म्हणाला, "ओळ हाय रे कागदावर. पण दर महिन्याला हापिसात फळा लागतो. ज्यानं झडपा पुऱ्या सोडल्या त्याचं नाव लाल. लाल झालं की फोन. 'कॅप्टन, जरा येऊन जाता का?' गेलं की गोड बोलत्यात, चहा पाजत्यात, आणि बढतीच्या वक्ताला तेच नाव काढत्यात." सुरुवातीला त्याचं नाव हटकून लाल असायचं. मग कधी लाल, कधी हिरवं. मग हिरवं झालं ते हिरवंच राहिलं. तो म्हणायचा, भीती अशी कधी वाटली नाही, पण हातालाच वळण पडलं.

त्या दिवशी दक्षिणेतल्या एका शहरात पाऊस पडून गेला होता, पट्टीवर पाणी होतं, पाठीकडून थोडा वारा. शेजारी रेश्मा नावाची तरुण सहवैमानिक. विलासनं रोजच्या वळणानं झडपा एक टप्पा कमी ठेवल्या. चाकं टेकली ती जरा पुढंच. उलटा जोर नावापुरता लावला, मग विमान आवरत नाही हे ध्यानात आलं तसा पुरा लावला, ब्रेक लावले, पण तोवर पट्टी संपली. विमान पुढच्या गवतात शिरलं आणि चिखलात नाक खुपसून उभं राहिलं. देवाची कृपा, एका माणसाला खरचटलं नाही. उतरताना मिरजेच्या एका आजींनी त्याला विचारलं म्हणे, "आमचं सामान हितंच मिळंल का पुढं चालत जायचं?" हा किस्सा तो पुढं प्रत्येकाला सांगायचा, आणि सांगताना नेहमी आजींसारखी मान तिरकी करायचा.

चौकशी लागली, त्याला विमानावरून उतरवून घरी पाठवलं. कुणाशी काही बोलायचं नाही, अशी लेखी ताकीद. तो गुपचूप मळ्यात येऊन राहिला. वहिनींना आणि मला तेवढं खरं माहीत. पण दूरदर्शनवर बातमी येऊन गेली होती की वैमानिकाच्या प्रसंगावधानामुळे मोठा अनर्थ टळला. झालं. आमच्या भागाला एवढं पुरतं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी मळ्याकडं चाललो होतो तर फाट्यावर भलामोठा डिजिटल. फ्लेक्सला आमच्याकडं डिजिटल म्हणतात आणि माणूस दहावी पास होण्यापासून स्वर्गवासी होण्यापर्यंत प्रत्येक पायरीवर तो लागतो. मध्ये विलास, गणवेशात, गॉगल घातलेला. खाली सरपंच, उपसरपंच, सोसायटीचे चेअरमन आणि बरेचसे भावी. आणि विलासच्या डोक्यामागून धूर सोडत चाललेलं लढाऊ विमान. मी डिजिटलवाल्याला विचारलं, हे काय रे? तर म्हणाला, "प्रवाशी इमान बसवून बघितलं, पर त्याला रुबाब न्हाई ओ."

मी धावत मळ्यात गेलो. विलासला म्हटलं, पोटात दुखतंय म्हण, दवाखान्यात जा, मी दाखला आणतो. तो म्हणाला, "लोकं हलगी घेऊन फाट्यावर हुबी हाईत. त्यांना परत पाठवू व्हय?" शेवटी ठरलं की जायचं, फेटा बांधून घ्यायचा आणि बोलायला सांगितलं तर नुसतं धन्यवाद म्हणून खाली बसायचं. मी त्याच्याकडून दोनदा म्हणवून घेतलं.

उघड्या जीपमधून मिरवणूक निघाली. देवळापुढं सभा. सरपंच बबनराव उभे राहिले. बबनराव म्हणजे बोलायला लागले की त्यांना थांबवायला वीज जावी लागते. म्हणाले, "मंडळी, आपून ट्रॅक्टर चिखलात घालतो. व्हय का न्हाई? मग दोन बाजूला चार चार गडी लावतो, शिव्या घालतो, तवा कुठं तो निघतो. आपल्या इलासनं आख्खं इमान चिखलात घातलं, आन् आतली माणसं कोरडीच्या कोरडी भाईर काढली. ह्येला म्हणत्यात काळीज." टाळ्या. मी विलासकडं बघत होतो. फेट्याखाली त्याचा चेहरा उतरत चालला होता. त्याला माइक दिला. मी समोरून हात जोडून खुणावलं, धन्यवाद म्हण आणि बस.

त्यानं फेटा जरा मागं सारला. मग म्हणाला, "आवं, फेटा बांधलासा, लय बरं वाटलं. पण खरं सांगतो... इमान चिखलात गेलं त्यात माझा हात हाय. ज्यानी इमान बनवलं त्येंच्या पुस्तकात एक लिवलंय. कंपनी दुसरं सांगती. मी दोन्ही वाचलं हुतं. मला ठावं हुतं आणि मी कंपनीचं केलं. त्यामुळं सत्कार नगा करू. चिखलातनं लोकं सुखरूप निघाली, त्येचा नारळ तेवढा देवाला फोडा." मी डोकं धरून खाली बसलो. बबनरावांनी लगेच माइक घेतला आणि म्हणाले, "बघा, केवढा मोठ्या मनाचा माणूस." पुन्हा टाळ्या, आधीपेक्षा जोरात, आणि नारळ विलासच्याच हातात दिला.

आमच्या गावाचं हे असं आहे. माणसानं चूक कबूल केली तर तिचाही सत्कार करतील. पण सगळं चित्रित होत होतं. एका पोरानं तो व्हिडिओ टाकला, तो विट्याला गेला, सांगलीला गेला, तिथून कंपनीच्या कार्यालयात. चार दिवसांत नोटीस. चौकशी चालू असताना कॅप्टननं जाहीर सभेत कंपनीच्या कार्यपद्धतीची बदनामी केली, खुलासा करावा. सोबत निरोप्यामार्फत तोंडी निरोप. यातून सुटायची एक वाट होती. विलासनं लिहून द्यायचं की पट्टी ओली असताना झडपा कमी ठेवणं हा सर्वस्वी माझा चुकीचा निर्णय, परिपत्रकात मला मोकळीक होती, कंपनीचा संबंध नाही. मग थोडं प्रशिक्षण आणि पुन्हा कामावर. नाहीतर चौकशी लांबेल, आणि त्याचं वय बघता लांबलेली चौकशी म्हणजे उडणं संपलंच. त्याला आणखी काही वर्षं उडायचं होतं. फार उडायचं होतं. उसातून विमानाचा आवाज आला की बोलता बोलता थांबून मान वर करणारा माणूस तो.

मी व्हरांड्यात कागद पसरून बसलो. मला त्याला कामावर परत पोचवायचं होतं आणि शिवाय कंपनीला धडाही शिकवायचा होता. असा दावा मला आयुष्यात पुन्हा मिळणार नव्हता. बांध आणि वाटण्या करून करून कंटाळलो होतो. मी म्हटलं, "हा निरोप केराच्या टोपलीत टाक. आपण म्हणायचं, फळ्यावर नावं लावून कंपनीनं दडपण आणलं, कॅप्टनच्या हातात निर्णय उरलाच नाही. सगळा दोष कंपनीचा. अरे, आपल्याकडं बघ. ट्रॅक्टरच्या पुस्तकात ओझं लिहिलेलं असतं, आणि उसाच्या गळितात दोन दोन ट्रॉल्या गच्च भरून लावतात. पलटी झाली की केस ड्रायव्हरवर. मी असे कितीतरी ड्रायव्हर सोडवलेत."

विलासनं विचारलं, "सोडवताना काय सांगतोस कोर्टाला?"

"सांगतो, मालकानं भरायला लावलं, त्याला काही माहीत नव्हतं."

"आणि त्येला ठावं नसतं व्हय, की दोन भरल्याली ट्रॉली उताराला थांबत न्हाई?"

तो पुढं बोलला, ते मला आजही शब्दाला शब्द आठवतं. "हे बघ वकील. सगळं माझंच म्हणून सही केली, तर ते परिपत्रक तसंच ऱ्हाणार. पुढच्या पावसाळ्यात दुसरं कुणीतरी त्याच चिखलात जाणार, आणि दर बारीला पुढं गवतच आसंल आसं न्हाई. आणि सगळं कंपनीचं म्हणालो, तर पोरं काय शिकणार? की झडपाचा दांडा आपल्या हातात नसतोच. तो हुता की माझ्या हातात. तू जन्मभर भावाभावांच्या वाटण्या करतोस. ह्याची कर. माझी जेवढी चूक, तेवढी माझ्या नावावर चढव. त्यांची त्यांच्या नावावर. एक गुंठा हिकडं न्हाई का तिकडं न्हाई."

मी भडकलो. म्हटलं, असा अशील असेल तर वकिलानं कोट खुंटीला लावून गुरं राखायला जावं. आणि वाटणीचं म्हणशील तर वाटणीत प्रत्येकाला जास्त पाहिजे असतं, कमी नको असतं. चुकीत वाटा मागणारा तू पहिलाच. दोन्ही बाजूंना नाराज करून मधल्या मध्ये मरशील. कागद गोळा केले, चहा न घेता उठलो, गाडीला किक मारली. आतून वहिनींचा आवाज आला. "भाऊजी, रुसून जायचं आसंल तर जावा, पण थालीपीठ लावलंय." वहिनी कवठे महांकाळच्या. तिकडची माणसं तावातावानं बोलत नाहीत, पण त्यांचं म्हणणं टळत नाही. मी गाडी बंद केली. थालीपीठ खाताना वहिनी विलासला एवढंच म्हणाल्या, "इमान गेलं तरी ऊस हाय. तुम्हाला झोप कशानं लागंल तेवढं बघा." त्यानंतर मी जो खुलासा लिहिला, तो माझ्या वकिलीतला सगळ्यात विचित्र आणि, आता म्हणायला हरकत नाही, सगळ्यात चांगला कागद. तीन भाग. कॅप्टनची चूक, कंपनीची चूक, आणि सहवैमानिकाची काही चूक नाही.

चौकशी समितीपुढं तो एकटाच आत गेला. मी बाहेर बाकड्यावर, मांडीवर वहिनींनी दिलेला भाकरी आणि शेंगदाण्याच्या चटणीचा डबा. बाहेर आला तेव्हा नेहमीसारखाच. काय झालं म्हटलं तर म्हणाला, "त्यांनी ईचारलं, तुम्ही स्वतःच्या विरुद्ध एवढं का लिहिलंय? मी म्हटलं, विरुद्ध न्हाई साहेब, जेवढं माझं तेवढंच हाय." मग डबा उघडून तिथंच जेवला. समितीतले एक वयस्क गृहस्थ तिकडून जाताना थबकले, त्यांनाही त्यानं चतकोर भाकरी दिली. मी म्हटलं, अरे, लाच दिल्यासारखं दिसेल. तो म्हणाला, "तिखट किती हाय बघ. लाच म्हणणार न्हाईत."

निकाल लागायला बरेच महिने गेले. त्याला शिक्षा झाली. परवाना काही काळ स्थगित, आणि परतल्यावर काही काळ कॅप्टनची खुर्ची नाही. शेजारच्या खुर्चीत बसायचं, ज्यांना त्यानं शिकवलं त्यांच्या हाताखाली. मला ते ऐकून इतकं वाईट वाटलं की मी दोन दिवस त्याला फोन केला नाही. तिसऱ्या दिवशी त्याचाच आला. "वकील, जिकलो की रं आपून. माझं माझ्या नावावर चढलं. आणि त्यांचं त्यांच्या." त्याच निकालात कंपनीच्या परिपत्रकावर आणि फळ्यावर दोन कडक परिच्छेद होते. यथावकाश कंपनीनं नवं परिपत्रक काढलं. पट्टी ओली असेल तर बनवणाऱ्याच्या पुस्तकाप्रमाणे झडपा पूर्ण. फळा उतरला. परिपत्रकात विलासचं नाव अर्थातच नव्हतं. आणि त्याची खुर्ची? ती त्याला निवृत्तीच्या आधी परत मिळाली. शेवटच्या उड्डाणाला त्यानं वहिनींना आणि मला नेलं. पुण्यात उतरताना मी डोळे मिटून बसलो होतो, तर वहिनी म्हणाल्या, "आवं, उघडा डोळे. झडपा पुऱ्या सोडल्यात, मी बघितल्यात."

निवृत्त होऊन तो मळ्यात आला आणि त्याच्या फोननं नवीनच उद्योग काढला. पहिला फोन रेश्माचा, त्या दिवशीच्या सहवैमानिकेचा. तिची नोकरी बदलली होती, तिथं कसल्याशा प्रकरणात तिला नोटीस आली होती. तिनं विचारलं, सर, काय लिहू? तिचं काम निभावलं, तशी तिनं नंबर दुसऱ्याला दिला, दुसऱ्यानं तिसऱ्याला. कुठली कुठली पोरं फोन करायची. कुणी कंपनीच्या सांगण्यावरून काही टाळलेलं, कुणी कंपनीचं न ऐकून अडकलेलं. विलास व्हरांड्यातल्या वेताच्या खुर्चीत बसून फोन घ्यायचा. त्याची पद्धत ठरलेली. समोरचा कंपनीला शिव्या घालायला लागला की तो शांतपणे म्हणायचा, "ते हाय. पण आधी तुझा वाटा सांग." काही पोरं तिथंच फोन ठेवायची. बहुतेक परत करायची. मग कायद्याचं काही असलं की मला जुंपायचा. माझी निम्मी वकिली गेल्या काही वर्षांत त्या खुर्चीतून चालली, आणि त्यात मिळकत म्हणजे वहिनींचं थालीपीठ. मी करवादायचो, पण खरं सांगायचं तर रविवारची वाट बघायचो. मला तो फार प्रिय होता. त्याला हे कधी बोललो नाही. बोललो असतो तर म्हणाला असता, "काय पिऊन आलाईस काय?"

परवा वारसनोंदीच्या कामासाठी वहिनींच्या सह्या घ्यायला मळ्यात गेलो होतो. टळटळीत दुपार. व्हरांड्यात आम्ही दोघंच. ती वेताची खुर्ची भिंतीकडं सरकवून ठेवलेली. विलास गेल्यापासून तिच्यावर कुणी बसलं नव्हतं, वहिनी तिच्यावर साधा टॉवेलसुद्धा टाकू देत नव्हत्या. सह्या चालू असताना आत विलासचा फोन वाजला. अनोळखी नंबर. मी म्हटलं, राहू द्या, मी नंतर बघतो. वहिनींनी पेन खाली ठेवलं आणि फोन घेतला.

"कोण?... व्हय, त्यांचाच फोन हाय. मी त्यांची मंडळी बोलतीय... न्हाईत रे बाळा आता ते. गेले." पलीकडं कुणीतरी पोरगा होता. त्याला माहीत नव्हतं. मला त्याचा नुसता चिरकलेला आवाज येत होता. माफी मागत असावा, फोन ठेवायला बघत असावा. "थांब, ठेवू नको," वहिनी म्हणाल्या. "जेवलास का?... मग आधी पाणी पी. प्यालास? आता सांग, काय झालंय."

तो बोलायला लागला. भरभर, तावातावानं. मी हात पुढं केला. म्हटलं, "वहिनी, द्या माझ्याकडं. नोटिशीचं दिसतंय, कायद्याचं काम आहे." त्यांनी मला हातानंच थोपवलं. फोन कानाला धरून दुसऱ्या हातानं त्यांनी ती खुर्ची भिंतीपासून ओढून पुढं घेतली, पदर सावरला आणि तिच्यात बसल्या.

"कंपनीचं भाऊजी बघतील. ते वकील हाईत, हितंच बसल्यात," त्या म्हणाल्या. "आधी तुझा वाटा सांग मला."

पलीकडचा आवाज थांबला. वहिनी वाट बघत बसल्या, उसाकडं बघत. त्यांना कसलीच घाई नव्हती. मग तो पोरगा पुन्हा बोलू लागला, या खेपेला अगदी हळू, आणि वहिनी मान हलवत म्हणाल्या, "हं... हं... सांग, मी ऐकतीय."